बूटलचं घर, 1939 ते 1954 : सासरच्या माणसांनी सांगितलेल्या युद्धकाळातल्या आठवणी

मर्सीकाठ

माझं सासर लिव्हरपूलला लागून असलेल्या बूटलचं, अगदी गोदीकाठचं. आजेसासरे गोदी कामगार, आजेसासूबाई घर सांभाळणाऱ्या, आणि दोन मुलं : माझ्या सासूबाई (जन्म 1932) आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मामेसासरे (जन्म 1934). चौघंही आता नाहीत. सासूबाईंकडून आणि मामांकडून जे ऐकलं ते मी वहीत लिहून ठेवत गेले. घरातल्या मुलांसाठी ते इंग्रजीत लिहून झालं आहे, पण मला हे माझ्या माणसांनाही सांगायचं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या लढायांवर मराठीत पुष्कळ लिखाण आहे. त्याच वर्षांत एका कामगाराच्या घरात काय शिजत होतं, मुलं कुठे झोपत होती, हे फारसं वाचायला मिळत नाही.

घरातून मुलं आधी गेली, युद्ध दोन दिवसांनी जाहीर झालं. 1 सप्टेंबर 1939 ला सरकारने मोठ्या शहरांतली शाळकरी मुलं खेड्यांकडे हलवायला सुरुवात केली. काही दिवसांत 15 लाखांच्या आसपास माणसं हलली, त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं, सोबत त्यांचे शिक्षक. खांद्याला गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा, कोटाच्या गुंडीला नावाची चिठ्ठी. गाडी कुठे जाणार हे आईलाही सांगितलेलं नसायचं. मूल पोचल्यावर पोस्टकार्ड टाकणार, तेव्हा पत्ता कळणार. सासूबाई 7 वर्षांच्या, मामा 5 वर्षांचे. आजेसासूबाईंनी मुलीला एकच बजावलं होतं, "भावाचा हात सोडायचा नाही."

गाडी उत्तर वेल्समध्ये गेली. तिथे एका चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, दालनात मुलांना रांगेत उभं केलं आणि गावकरी येऊन आपापल्याला हवं ते मूल निवडून नेऊ लागले. एका मुलासाठी सरकार आठवड्याला 10 शिलिंग 6 पेन्स द्यायचं, एकाहून जास्त मुलं ठेवली तर प्रत्येकी 8 शिलिंग 6 पेन्स. घरकामाला हात लावेल अशी मुलगी एका बाईंना हवी होती; लहान मुलगा नको होता. मामा शेवटपर्यंत रांगेत राहिले आणि टेकडीवरच्या एका शेतकऱ्याने त्यांना नेलं. सासूबाईंनी हात सोडला नव्हता, सोडवला गेला. हे सांगताना त्यांचा आवाज ऐंशी ओलांडल्यावरही बदलायचा.

गाव सगळं वेल्श बोलणारं. मुलांना एक अक्षर कळेना. मामा रात्री अंथरूण ओलं करायचे आणि त्याबद्दल बोलणी खायचे. नाताळच्या आधी आजेसासऱ्यांनी जाऊन दोघांना परत आणलं, कारण तोवर बॉम्ब पडलेच नव्हते. असं पुष्कळांनी केलं. जानेवारी 1940 पर्यंत गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास परत आले होते.

आणि नेमकं त्याच महिन्यात, 8 जानेवारीला, रेशन सुरू झालं. आधी बेकन, लोणी आणि साखर. मग मार्चमध्ये मांस, जुलैत चहा, पुढच्या वर्षी जॅम आणि चीज. माणशी प्रमाण कमीजास्त व्हायचं, पण सासूबाईंच्या आठवणीतला आठवडा असा : 4 औंस बेकन, 2 औंस लोणी, 8 औंस साखर, 2 औंस चहा, 2 औंस चीज, मिळालंच तर एक अंडं. 1 औंस म्हणजे 28 ग्रॅम. मांस मात्र वजनावर नव्हतं, किमतीवर होतं : माणशी 1 शिलिंग 2 पेन्सचं. त्यामुळे हलका तुकडा घेतला तर जास्त यायचं, आणि कुठला तुकडा किती तास शिजवला की मऊ होतो हे आजेसासूबाईंना तोंडपाठ झालं होतं.

रेशनच्या पुस्तकावर एकाच किराणा दुकानात नाव नोंदवावं लागे. तो दुकानदार कूपन कापून घ्यायचा किंवा त्यावर खूण करायचा. दुसऱ्या दुकानात माल दिसला तरी घेता येत नसे. रांगा लागायच्या त्या रेशनबाहेरच्या वस्तूंसाठी : मासळी, कलेजी, आणि कांदा. कांदे मुख्यतः फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आणि चॅनेल बेटांवरून यायचे. 1940 च्या उन्हाळ्यात ते सगळं जर्मनांच्या ताब्यात गेलं आणि कांदा दिसेनासा झाला. सोडतीत बक्षीस म्हणून कांदा ठेवत असत. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या लासलगावच्या मावशीला लगेच फोन करून सांगितलं होतं.

चहाचं दुःख सर्वांत मोठं. एकदा उकळलेली पत्ती वाळवून पुन्हा वापरायची. आजेसासरे कामावरून आले की पहिली, ताजी पत्ती त्यांची, तीच दुसऱ्यांदा आजेसासूबाईंची. लोणी त्यांनी स्वतः कधी घेतलंच नाही, आपलं मुलांच्या ताटात घालायच्या आणि पावाला मार्गारीन लावायच्या. सरकारी हिशेबात चार माणसांचं रेशन चौघांना सारखं होतं. घरात वाटणी करणारी बाई मात्र स्वतःला शेवटी मोजत होती, आणि मला वाटतं तेव्हाच्या बहुतेक घरांत हेच चाललं असणार.

1942 मध्ये पांढरा पाव बंद झाला. त्याऐवजी कोंडा न काढलेल्या पिठाचा करडा, ओलसर 'नॅशनल लोफ' आला. मामांना तो जन्मभर आवडला नाही, आणि डॉक्टरांनी म्हातारपणी ब्राउन ब्रेड सांगितला तेव्हा त्यांनी तो साफ नाकारला. अंड्याची भुकटी अमेरिकेतून यायची, एक डबा म्हणजे 12 अंडी. केळी 1940 च्या शेवटी बंद झाली ती युद्ध संपल्यावरच आली. मधल्या काळात त्यांची आई पार्सनिप नावाचं कंदमूळ उकडून, कुस्करून, त्यात केळ्याचा अर्क घालून पावावर लावायची. मामांना ते खरं केळं वाटायचं. खरं केळं हातात आलं तेव्हा ते 11 वर्षांचे होते आणि सालासकट खायला निघाले.

लपायच्या जागेबद्दल. ज्यांना परसू होतं त्यांना सरकारने पन्हाळी पत्र्याचे अँडरसन शेल्टर दिले, वर्षाला 250 पौंडांहून कमी कमाई असेल तर फुकट. जमिनीत 4 फूट खड्डा करून ते पुरायचं आणि वर माती टाकायची. आमच्या घराला परसू म्हणजे फरशी घातलेलं चौकोनी अंगण, शौचालय आणि कोळशाची कोठी. तिथे खड्डा कुठला काढणार? रस्त्यावर विटांचं सार्वजनिक शेल्टर बांधलं होतं, पण ते ओल धरलेलं आणि घाण वासाचं. म्हणून मुलं जिन्याखालच्या कपाटात झोपायची. घर पडलं तरी जिना उभा राहतो असं सगळे म्हणत.

मे 1941 मध्ये 1 ते 7 तारखेपर्यंत लिव्हरपूल आणि बूटलवर रोज रात्री बॉम्ब पडले. मर्सी नदीच्या काठी त्या आठवड्यात 1,700 च्या आसपास माणसं मेली. 3 मेच्या रात्री हस्किसन गोदीत 'मालाकँड' नावाच्या जहाजाला आग लागली. त्यात हजार टनांच्या आसपास बॉम्ब आणि दारूगोळा भरलेला होता. ते फुटलं तेव्हा त्याचे पत्रे मैलाहून लांब जाऊन पडले. आजेसासरे दुसऱ्या गोदीत पाळीवर होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. तोवर आजेसासूबाई काय करत होत्या? सासूबाई सांगायच्या : काचा झाडत होत्या. घराच्या सगळ्या खिडक्या गेल्या होत्या, छपराच्या पाट्या उडाल्या होत्या, आणि त्या एकही शब्द न बोलता सकाळभर झाडत होत्या.

त्या आठवड्यानंतर सासूबाईंना पुन्हा वेल्सला पाठवलं, त्याच बाईंकडे. मामांना आईने सोडलं नाही, ती कामावर असली की ते आजीजवळ राहायचे. आजेसासूबाई कर्कबीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात जाऊ लागल्या, तिथे बहुतेक कामगार बायकाच होत्या. सासूबाई परत आल्या त्या 1944 च्या उन्हाळ्यात, 12 वर्षांच्या होऊन. वेल्श फाडफाड बोलणाऱ्या, गाईचं दूध काढणाऱ्या, चॅपलमधली गाणी म्हणणाऱ्या. स्टेशनवर आईला त्यांनी ओळखलं, पण जवळ गेल्या नाहीत. "मला तिचा राग आला होता, आणि राग आलाय हे मला चाळिशीपर्यंत कळलं नाही," असं त्या मला म्हणाल्या होत्या.

मामांना विचारलं की युद्ध म्हणजे पडक्या घरांत खेळणं, बॉम्बचे तुकडे गोळा करणं, आणि रोज रात्री आईच्या कुशीत झोपणं. दोघं एकाच घरातली. उपासमार या घराने पाहिली नाही, घरही पुन्हा उभं राहिलं. पण मायलेकींमध्ये जे तुटलं ते तुटलेलंच राहिलं, आणि युद्धाचा हिशेब मांडताना ही रक्कम कुणी धरत नाही असं मला फार तीव्रतेने वाटतं.

रेशन 4 जुलै 1954 ला संपलं. सासूबाईंच्या आठव्या वर्षाच्या आसपास ते सुरू झालं होतं, संपलं तेव्हा त्या बाविशीच्या आसपास होत्या.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्या काळातल्या ब्रिटनच्या आठवणी असतील तर जरूर लिहा.

---

तांबडी माती

ताई, वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. आमचं गाव रत्नागिरी तालुक्यात. माझे पणजोबा आगबोटीवर खलाशी होते, इंजिनखोलीत कोळसा टाकणारे, 'आगवाले'. आमच्या मोहल्ल्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातला एक माणूस तेव्हा बोटीवर होता. गोव्याकडचे लोक खानसामे आणि स्टुअर्ड, आमच्याकडचे डेकवर आणि इंजिनात. ते लिव्हरपूलचं नाव घ्यायचे असं आजी सांगते.

तुम्ही लिहिलेला 2 औंस चहा आणि 8 औंस साखर कुणाच्या तरी बोटीतून आली असणार ना? युद्धाआधी ब्रिटनचं निम्म्याहून जास्त अन्न समुद्रावरून यायचं. टॉर्पेडो बसायचा तो बहुधा पाण्याच्या रेषेखाली, आणि तिथेच इंजिनखोली. खालच्या माणसाला वर यायला वेळच मिळत नसे. गोऱ्या खलाशाच्या मानाने पगारही फार थोडा. 1939 मध्ये युद्ध सुरू होताच हिंदुस्थानी खलाशांनी ब्रिटनच्या बंदरांत संप केले, काही तुरुंगातही गेले, तेव्हा कुठे पगार वाढला. या युद्धात 6,000 हून जास्त हिंदुस्थानी खलाशी मेले.

मुलांच्या स्थलांतराचा विषय निघाला म्हणून 'सिटी ऑफ बनारस' बद्दल लिहितो. ही बोट 13 सप्टेंबर 1940 ला तुमच्याच लिव्हरपूलहून कॅनडाला निघाली, सरकारी योजनेतली 90 मुलं घेऊन. 17 तारखेच्या रात्री तिला टॉर्पेडो बसला. 90 पैकी 77 मुलं गेली. त्यानंतर मुलांना समुद्रापार पाठवणं सरकारने बंदच केलं. एक होडी आठ दिवस अटलांटिकवर भरकटत होती, तिच्यात सहा मुलगे, त्यांना सांभाळणाऱ्या मेरी कॉर्निश बाई, आणि बाकी बहुतेक हिंदुस्थानी खलाशी. विमानाने त्यांना पाहिलं आणि ते वाचले. बोटीवरचे खलाशीही फार मोठ्या संख्येने मेले. त्या थंडीत अंगावर सुती कपडे होते त्यांच्या.

---

पंचगंगा

सुंदर धागा. यात एक कोल्हापूरकडचं नाव यायलाच हवं : वेणू चितळे. युद्धाच्या काळात त्या लंडनला बीबीसीत होत्या, हिंदुस्थानसाठीच्या विभागात. जॉर्ज ऑरवेल 1941 ते 1943 त्याच विभागात काम करत होते. बातमीपत्रं मराठीतून जात असत, आणि वेणूताईंचा आवाज मराठीतही होता, इंग्रजीतही.

बीबीसीवर जून 1940 पासून 'किचन फ्रंट' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. सकाळी सव्वाआठला पाच मिनिटं, बायका बाजाराला निघायच्या आत. आज बाजारात काय आहे, त्याचं काय करता येईल, एवढंच. त्यात वेणूताईंनी शाकाहारी हिंदुस्थानी पदार्थ सांगितले होते. मांस माणशी शिलिंग-सव्वाशिलिंगचं मिळणाऱ्या देशाला डाळ-भाजीचं जेवण कसं करायचं हे आमच्याकडची बाई सांगत होती, याचा मला फार अभिमान वाटतो. बूटलच्या घरात रेडिओ होता का ताई? त्या हा कार्यक्रम ऐकायच्या का?

---

मर्सीकाठ

@पंचगंगा, रेडिओ होता, आणि 'किचन फ्रंट' रोज लागायचा. सासूबाईंना सव्वाआठची वेळ आठवायची, कारण तो संपला की शाळेला निघायचं. कोण बोलायचं ते मात्र त्यांना सांगता येत नसे. आजेसासूबाईंचं म्हणणं, पाच मिनिटांत सांगितलेला पदार्थ करायला दोन तास लागतात आणि चूल तेवढा वेळ पेटती ठेवायला कोळसा कुठाय! अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांच्या नावाची 'वुल्टन पाय' त्यांनी केली होती : बटाटा, गाजर, फ्लॉवर, ओट्सचं पीठ, वर बटाट्याचं कवच. सॅव्हॉय हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने ती बसवली होती. आजेसासऱ्यांनी खाल्ली आणि विचारलं, "यात मांस कुठे आहे?" पुन्हा केली नाही.

@तांबडी माती, तुमचा प्रतिसाद मी घरी सगळ्यांना भाषांतर करून वाचून दाखवला. आजेसासरे ज्या बोटी रिकाम्या करायचे त्यांवर हिंदुस्थानी खलाशी असायचे, हे मामांनी सांगितलं होतं. हिवाळ्यात ते गोदीच्या रस्त्याने पातळ कपड्यांत, डोक्याला फडकं गुंडाळून, एकामागे एक चालत जायचे. आजेसासूबाईंनी एकदा घरातला जुना लोकरी मफलर काढून त्यांच्यातल्या एकाला दिला होता. एवढीच आठवण आहे, पण ती आहे.

---

सुईदोरा

कपड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. 1 जून 1941 पासून कपड्यांनाही कूपनं लागली, वर्षाला माणशी 66, आणि पुढे आणखी कमी केली. बायकांच्या कोटाला 14, लोकरी फ्रॉकला 11, बुटांना 5, पुरुषांच्या बुटांना 7, पूर्ण सुटाला 26. म्हणजे एक सूट आणि एक जोड बूट घेतले की अर्धं वर्ष तिथेच गेलं. वाढत्या मुलांच्या आयांचं काय होत असेल!

मी शिवणकाम शिकवते आणि त्या काळातल्या सरकारी पत्रिका मला पाठ आहेत. चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, कडांच्या बाजू मध्ये आणून शिवायच्या, आणखी दोन वर्षं जाते. कॉलर झिजली की उसवून उलटी लावायची. जुना स्वेटर उसवून, लोकर ओली करून ताणून वाळवायची आणि पुन्हा विणायची. पुरुष सैन्यात गेला असेल तर त्याच्या सुटातून बाईचा कोट आणि स्कर्ट. हे आपल्या आज्यांनीही केलेलं आहे, गोधडी हे त्याचंच रूप. फरक असा की तिथे ते सगळ्या थरांतल्या बायकांना एकदम करावं लागलं. ज्यांनी कधी सुई धरली नव्हती त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग भरायचे.

---

वर्तमान

लेखन उत्तम आहे, मनापासून सांगतो. पण हा धागा बंगालचं नाव न घेता पुढे जाऊ नये. ज्या 1943 मध्ये लिव्हरपूलच्या मुलाला आठवड्याचं रेशन ठरल्याप्रमाणे मिळत होतं, त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला, आणि त्यात 30 लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि त्यातून आलेल्या रोगांनी मेली. ब्रह्मदेश 1942 मध्ये जपानकडे गेल्यावर तिकडचा तांदूळ थांबला. जपानी येतील म्हणून सरकारनेच किनाऱ्यावरच्या लोकांच्या होड्या काढून घेतल्या. त्याच 1942 च्या ऑक्टोबरमध्ये वादळाने मिदनापूर झोडपलं. कलकत्त्यात युद्धाचा पैसा ओतला गेला आणि भाव चढले. दिल्लीहून व्हाइसरॉय धान्यासाठी मागणी करत राहिले, लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने त्यापेक्षा फार थोडं दिलं. जहाजं नाहीत हे कारण होतं, आणि कुणासाठी आहेत आणि कुणासाठी नाहीत हा निर्णय होता.

मुंबईत 1943 मध्ये रेशन आलं. माझी आजी परळच्या चाळीतून त्या रांगेत उभी राहिलेली आहे. तिच्या रांगेच्या आठवणी कुणी वहीत उतरवल्या नाहीत याचं मला वाईट वाटतं.

---

मर्सीकाठ

@वर्तमान, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. सासूबाईंना बंगालबद्दल पहिल्यांदा माझ्याकडून कळलं, आणि त्या दिवसभर अस्वस्थ होत्या. शाळेत त्यांना हे कधीच शिकवलं गेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "आमच्या ताटातलं काढून दिलं असतं तर पुरलं असतं का?" मी म्हटलं, ताटातलं नाही, जहाजांतलं, आणि ते ठरवणारे तुमच्या गल्लीतले नव्हते.

मला या दोन गोष्टी एकमेकींसमोर ठेवाव्याशा वाटत नाहीत, एकत्र ठेवाव्याशा वाटतात. सरकारने मनावर घेतलं तर सगळ्यांच्या ताटात सारखं पडतं हे ब्रिटनमध्ये सिद्ध झालं. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना हिरवं रेशन पुस्तक होतं : रोज एक पाइंट दूध स्वस्तात किंवा फुकट, संत्री आली तर आधी त्यांना, अंडी जास्त. शिवाय मुलांना संत्र्याचा रस आणि कॉड माशाचं तेल. युद्ध चालू असताना तिथला बालमृत्यूचा दर खाली आला. म्हणून तर बंगालचा राग दुप्पट होतो. कसं करायचं ते त्यांना माहीत होतं.

आणि तुमच्या आजीच्या आठवणी जेवढ्या तुम्हाला ठाऊक आहेत तेवढ्या तरी लिहा. कृपा करून लिहा.

---

पेठकर

माझ्या आजोबांची गोष्ट. 1941 पासून ब्रिटनचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या योजनेखाली हिंदुस्थानातून तरुण कारागीर तिकडे यंत्रकामाच्या शिक्षणासाठी नेले जात. त्यांना 'बेव्हिन ट्रेनी' म्हणत. आधी लेचवर्थच्या केंद्रात शिक्षण, मग कारखान्यात प्रत्यक्ष काम, आणि राहायचं कामगारांच्या घरांत. आजोबा पुण्याहून गेले होते, लेथ चालवायला, आणि मँचेस्टरजवळ एका कुटुंबात राहिले.

आजोबा शाकाहारी. शाकाहाऱ्यांसाठी रेशनमध्ये सोय होती : मांसाची कूपनं सोडायची आणि त्याबदली जास्तीचं चीज घ्यायचं. घरमालकीणबाई पहिले काही दिवस फार काळजीत होत्या, की हा मुलगा नुसत्या पाव-चीजवर जगणार कसा. मग आजोबांनी त्यांना वाटाण्याची उसळ करून दाखवली. सुके वाटाणे मिळत होते, कढीपत्ता-मोहरीचं नावच नको, कुठूनशी मिळालेली करी पावडर घातली. घरातल्या मुलांना ती आवडली आणि पुढे दर शनिवारी ती आजोबांच्या हातचीच व्हायची. ब्लॅकआउटचे काळे पडदे लावायचं कामही त्यांच्याकडे होतं. फटीतून उजेड दिसला की वॉर्डन बाहेरून ओरडायचा, दंडही व्हायचा. आजोबा पुढे पुण्यात घरच्या खिडक्या रोज रात्री स्वतः तपासून झोपायचे, शेवटपर्यंत.

त्या कुटुंबाची नाताळची कार्डं 1970 च्या दशकापर्यंत येत होती.

---

टूटिंगवासी

मी दक्षिण लंडनला राहतो, थोडं वेगळं सांगतो. "सगळ्यांना सारखं" हे बऱ्याच अंशी खरं, पण पूर्ण नाही. हॉटेलात जेवायला कूपन लागत नसे. पैसेवाले बाहेर जेवत होते. ओरड झाल्यावर 1942 मध्ये एका जेवणाला जास्तीत जास्त 5 शिलिंग ही मर्यादा घातली. गरिबांसाठी सरकारी 'ब्रिटिश रेस्टॉरंट' निघाली, शिलिंगभरात पोटभर जेवण. 1943 पर्यंत ती 2,000 हून जास्त झाली होती. काळा बाजारही होता, आणि बॉम्ब पडलेल्या घरांतून चोऱ्याही होत होत्या.

शेल्टरचंही तसंच. लंडनच्या ईस्ट एंड या कामगारवस्तीतल्या लोकांनी भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत शिरून झोपायला सुरुवात केली तेव्हा सरकारचा विरोध होता. लोक तिकीट काढून खाली जायचे आणि वर यायचेच नाहीत. शेवटी सरकारने मान्य केलं, मग बंक, चहा, शौचालयं आली. 3 मार्च 1943 ला बेथनल ग्रीन स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 173 माणसं गुदमरून मेली, त्यात पुष्कळ मुलं. त्या संध्याकाळी तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता. बातमीत जागेचं नावही दिलं नाही.

आपल्या लोकांचं म्हणाल तर कृष्ण मेनन तेव्हा लंडनमधल्या सेंट पँक्रस भागाचे नगरसेवक होते आणि हवाई हल्ल्याचे वॉर्डन म्हणून काम करत होते. दिवसा हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी सभा, रात्री लंडनच्या गल्ल्यांत पहारा.

---

तांबडी माती

मफलरची आठवण आजीला वाचून दाखवली. तिने विचारलं, "तो कोणत्या गावचा होता, विचार ना त्यांना." आता कसं विचारणार.

ताई, एक मदत हवी आहे. पणजोबांचे धाकटे भाऊ 1942 मध्ये बोटीसह बुडाले एवढंच घरात माहीत आहे. बोटीचं नाव कुणाला ठाऊक नाही, कागद नाही. कुठे शोधता येईल का?

---

मर्सीकाठ

@तांबडी माती, नक्की शोधता येईल. युद्धात मेलेल्या हिंदुस्थानी व्यापारी खलाशांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आहेत, शोध फुकट आहे. 'बॉम्बे 1939-1945 वॉर मेमोरियल' या स्मारकाखाली बघा. चित्तगावचं तसंच दुसरं आहे, तेही बघा. ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशांची नावं त्यात आहेत. पुष्कळदा नावापुढे बोटीचं नाव आणि तारीख असते, कधी वडिलांचं नाव आणि गावही असतं. त्याची नोंदवही मुंबईत इंडियन सीमेन्स होममध्ये ठेवलेली आहे. जायच्या आधी चौकशी करून जा.

एक सूचना : नावाची स्पेलिंगं साहेबाने कानाला आली तशी लिहिली आहेत. आडनाव बहुतेक ठिकाणी नाहीच, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. म्हणून तुमच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव चार-पाच प्रकारे लिहून बघा, आणि 1942 च्या आगेमागेची वर्षंही धरा. घरात त्यांचं नाव काय म्हणत होते आणि वडिलांचं नाव काय, हे मला व्यक्तिगत निरोपात कळवा. इथे जाहीर लिहू नका. शनिवारी मला वेळ आहे, आपण दोघं मिळून यादी बघू.